आकड्यांच्या माणसाची रजा

रजेवर गेलेला मनुष्य कामापासून खरोखर किती दूर जातो, हा प्रश्न प्रत्येकच नोकरदाराचा आहे. पण जो दुसऱ्याचा पैसा सांभाळतो, त्याच्या बाबतीत तो विशेष बिकट होऊन बसतो. शेतकऱ्याची पेरणी केव्हा ना केव्हा आटोपते, सुताराचा पलंग पुरा होतो; परंतु व्याजाला झोप नाही आणि हुंडीच्या मुदतीला विसावा नाही. रात्री मिटलेली खतावणी सकाळी पुन्हा उघडावीच लागते. म्हणून पेढीवरचा मनुष्य गावी गेला तरी त्याच्या डोक्यात शिल्लक जुळविणे चालूच असते. या दुखण्याला आणि त्यावर शोधलेल्या उपायांना दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातील तीन प्रसंग आज आपणांपुढे ठेवावयाचे आहेत.

पहिला प्रसंग लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावरचा. ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी तेथे होती. १७९२ साली चार्ल्स लॅम नावाचा सतरा वर्षांचा तरुण तिच्या हिशेबखात्यात कारकून म्हणून लागला. पुढे इंग्रजी निबंधकारांच्या अग्रपंक्तीत त्याचे नाव गेले. पण त्याचे पोट भरले ते या नोकरीवर. इकडे १८०३ साली कंपनीची पलटणे शिंदे-भोसल्यांशी लढत होती, १८१८ साली पेशवाई बुडाली, आणि त्या सगळ्या काळात तिकडे हा मनुष्य चहाच्या अन् निळीच्या लिलावांचे आकडे वहीत मांडीत बसला होता. जिने आपल्याकडील राज्ये गिळली, त्या कंपनीच्या घरच्या कारकुनालाही स्वतःचा दिवस स्वतःचा म्हणता येत नव्हता.

नोकरी सोडण्याची सोय त्याला नव्हती. १७९६ साली त्याच्या बहिणीच्या, मेरीच्या, हातून वेडाच्या झटक्यात प्रत्यक्ष आईची हत्या घडली. तिचा सांभाळ लॅमने जन्मभर पत्करला. लग्नही केले नाही. घरात दुखणे, कचेरीत खतावणी, अशा कोंडीत तो तेहेतीस वर्षे राहिला.

१८२५ च्या मार्च महिन्यात तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी त्याने ‘द सुपरॅन्युएटेड मॅन’ हा निबंध लिहिला. त्यातील कारकुनाचा वेष जरा पालटलेला असला, तरी आत लॅमच आहे. या कारकुनाला ईस्टरचा एक, नाताळचा एक आणि उन्हाळ्यात एक सबंध आठवडा सुट्टी मिळे. वर्षभर तो त्या आठवड्याच्या आशेवर जगे. पण आठवडा आला की सुख उपभोगण्याच्या घाईतच तो निघून जाई, आणि विसाव्याची चव कळण्यापूर्वी मेज पुन्हा पुढे येई. रात्री झोपेतही हिशेबात चुकीची नोंद झाल्याच्या धास्तीने तो दचकून उठे. पुढे कायमची सुटका झाली तेव्हाही तो प्रथम गोंधळलाच. जुने सोबती पाहावयास कचेरीत गेला, तो त्याचे मेज आणि टोपी अडकविण्याची खुंटी दुसऱ्याच्या वाट्याला गेलेली! कचेरीचे काम आपल्यावाचून चालते, हे त्याला निवृत्तीनंतर दिसले. ते नोकरीत असतानाच दिसते, तर कितीतरी रात्री सुखाची झोप लागली असती.

दुसरा प्रसंग बँकांचा. इंग्लंडात पूर्वी संतांच्या नावाने पुष्कळ सुट्ट्या पाळीत. त्या हळूहळू कमी होत गेल्या, आणि १८३४ साली बँक ऑफ इंग्लंडने वर्षाच्या सुट्ट्या अवघ्या चारांवर आणल्या. योगायोग असा की, ज्याने पुढे ही चूक काही अंशी दुरुस्त केली, तो जॉन लबक त्याच वर्षी जन्मला. लबक हा पिढीजात पेढीवाला. पण डार्विनचा शेजारी आणि शिष्यही. पेढी सांभाळून त्याने मुंग्या-मधमाश्यांचा अभ्यास केला, आणि अश्मयुगाचे पुराश्म व नवाश्म असे दोन भाग करून त्यांना १८६५ साली आज रूढ असलेली नावे दिली. कामाबाहेर मनाला दुसरे घर असावे लागते, हे तो स्वानुभवाने जाणत होता.

१८७० साली तो पार्लमेंटात गेला आणि पुढल्याच वर्षी त्याने बँक सुट्ट्यांचा कायदा संमत करून घेतला. या कायद्याची खरी खुबी लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. पेढीला आपल्या मर्जीने दार लावता येत नसे, कारण त्या दिवशी एखाद्या हुंडीची मुदत भरत असली तर ती न पटल्याचा दोष येई. लबकच्या कायद्याने ठरविले की, या नव्या सुट्ट्यांच्या दिवशी मुदत भरणारी हुंडी दुसऱ्या दिवशी पटवावी. म्हणजे केवळ कारकुनाला नव्हे, तर देण्या-घेण्यालाच एक दिवसाची रजा मिळाली. काम स्वतःच थांबले, म्हणून माणसाला निश्चिंतपणे थांबता आले. इंग्रज लोकांनी कौतुकाने त्या दिवसाला ‘संत लबकचा दिवस’ म्हटले, त्यात नवल नाही. आपल्याकडेही १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मुदतीची तजवीज आहे; तेथे मात्र ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असे धरतात. बँकांच्या सुट्ट्या आजही याच कायद्याखाली जाहीर होतात.

तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा, आणि त्यात रजेचा अर्थच पालटला. २००८ च्या जानेवारीत सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेला जेरोम केर्व्हिएल या एका नोकराच्या छुप्या सौद्यांपायी सुमारे ४९० कोटी युरोंची खोट आली. चौकशीत निघाले की, २००७ या सबंध वर्षात त्याने चारच दिवस रजा घेतली होती. वरकरणी केवढी ही कर्तव्यनिष्ठा! वस्तुतः त्याची वही दुसऱ्याच्या हाती जाणे त्याला परवडणारे नव्हते. जो कधीच रजा घेत नाही त्याची वही एकदा तपासावी, हा हिशेबतपासनिसांचा जुना नियम तेथे कोणी पाळला नाही.

आपल्या रिझर्व्ह बँकेने हा धडा आज्ञेच्या रूपाने घालून दिला आहे. २०२१ च्या जुलैत तिने बँकांना कळविले की, जोखमीच्या जागांवरील नोकरांना दर वर्षी सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवावे, तेही पूर्वसूचना न देता. त्या दिवसांत त्यांना सर्वसाधारण टपालाखेरीज कामाच्या कोणत्याही साधनाला हात लावू देऊ नये, असेही त्यात आहे. हेतू अफरातफर उघडकीस आणण्याचा. पण ज्याच्यापाशी दडविण्यासारखे काहीच नाही, त्याला मात्र यातून लॅमला न लाभलेली गोष्ट लाभते. वही दुसऱ्याच्या हाती आहे आणि आपण विचारायचेही नाही, अशी निश्चिंती.

श्रोते हो, रजेवर असता कामाचा विचार करू नका, असा उपदेश पुष्कळांनी केला आहे. पण नुसत्या निश्चयाने तो साधत नाही, याची साक्ष लॅमने दिली आहे. एक तर लबकप्रमाणे काम सर्वांसाठीच थांबवावे लागते, नाहीतर ते विश्वासाने दुसऱ्याकडे सोपवावे लागते. आज कचेरी खिशातल्या दूरध्वनीतून घरी, प्रवासात, समुद्रकाठीसुद्धा येते. तेव्हा निघण्यापूर्वीच किल्ल्या सहकाऱ्याच्या हाती द्याव्यात, अर्धवट कामांची यादी त्याला समजावून द्यावी, आणि त्याच्याकडून चार चुका झाल्या तरी त्या परतल्यावर निस्तराव्यात. वरिष्ठांनीही रजेवरील मनुष्याला हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कारण एका माणसावाचून जी पेढी दहा दिवस चालत नाही, तिच्यात दोष त्या माणसाच्या रजेचा नसून पेढीच्या व्यवस्थेचा असतो.