भट्टींतला लोहचुंबक

लोहचुंबक म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पोलादाची नालासारखी वांकविलेली पट्टी उभी राहते. तो कुंभाराच्या मडक्याचा सख्खा भाऊ असूं शकेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः मनुष्यास प्रथम आढळलेला चुंबक हा दगडच होता. मॅग्नेटाइट नांवाचा तो काळा पाषाण म्हणजे लोखंड आणि प्राणवायु यांचा संयोग. धातूच्या चुंबकांनीं पुढें त्याला अडगळींत टाकलें. आणि विसाव्या शतकांत त्याचेच भाऊबंद, मनुष्याच्या हातानें भाजले जाऊन, पुन्हां मानाच्या जागीं बसले. या पुनरागमनाचा इतिहास बहुधा शोधकांच्या आणि त्यांच्या पेटंटांच्या नांवानें सांगितला जातो. आमच्या मतें त्यांत भट्टीला तिचा वाटा मिळत नाहीं.

धातूची अडचण टेलिफोन व रेडिओ यांनीं उघडी पाडली. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाच्या वेटोळ्यांत लोखंडाचा गाभा ठेवला, कीं खुद्द त्या लोखंडांतच विजेचे भोंवरे उठतात आणि शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. प्रवाहाचीं आंदोलनें जितकीं जलद, तितकी ही नासाडी अधिक. ऑक्साइडांतून मात्र वीज मोठ्या कष्टानें वाट काढते. तेव्हां लोखंडाच्या ऑक्साइडाशीं इतर धातूंचीं ऑक्साइडें संयुक्त करून चुंबक बनवावा, हा विचार १९०९ सालीं जर्मनींत हिल्पर्ट यांनीं मांडला. विचार बरोबर होता. माल मात्र मनाजोगा उतरला नाहीं.

१९३० सालीं टोकियोच्या तंत्रविद्यालयांत योगोरो काटो व ताकेशी ताकेई या गुरुशिष्यांनीं हें काम पुढें नेलें. ताकेई यांजकडून एके रात्रीं मोजणीच्या यंत्राचा प्रवाह बंद करावयाचा राहून गेला, आणि चुंबकीय क्षेत्रांतच थंड झालेला कोबाल्ट-फेराइटाचा नमुना सकाळीं जबर चुंबक बनलेला आढळला, असें सांगतात. गोष्ट गोड आहे, पण तिच्यांतील मर्म विसराळूपणांत नसून ‘थंड झालेला’ या दोन शब्दांत आहे. तांबें व जस्त यांचें मऊ, म्हणजे चुंबकत्व चटकन घेणारें व चटकन सोडणारें, फेराइटही त्यांनींच सिद्ध केलें. त्याचे गाभे करण्यासाठीं १९३५ सालीं एक कंपनी निघाली. तीच आजची टीडीके. १९३७ पासून १९४५ पर्यंत तिनें सुमारें ५० लाख गाभे बाहेर पाठविले.

इकडे हॉलंडांत, आइंडहोव्हेन येथील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत, स्नूक स्वतंत्रपणें त्याच वाटेनें चालले होते. मँगॅनीज-जस्त व निकल-जस्त हीं आजही प्रचारांत असलेलीं मऊ फेराइटें त्यांच्या परिश्रमांनीं नांवारूपास आलीं, व १९४७ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं फ्रान्सांत नेएल यांनीं या पदार्थांच्या चुंबकत्वाचा उलगडा केला: त्यांतील अणूंचे दोन गट परस्परविरुद्ध दिशांनीं ओढतात, परंतु बळें असमान असल्यामुळें कांहीं ओढ शिल्लक उरते.

आतां भट्टीकडे वळूं. ऑक्साइडांची पूड कालवून एकदां भाजतात, पुन्हां दळतात, सांच्यांत दाबतात आणि मग मँगॅनीज-जस्ताचा माल असल्यास १३०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापवितात. या दुसऱ्या भाजण्यासच सिंटरिंग म्हणतात. पूड वितळत नाहीं. कण जेथें एकमेकांस टेकतात तेथें सांधले जातात, मधलीं छिद्रें बुजत जातात आणि तुकडा सर्व बाजूंनीं सुमारें सहाव्या हिश्श्यानें आंखडतो. आंच बेतानें दिली तर कण मोठे व निर्मळ होतात आणि माल चुंबकत्व सुलभपणें घेतो. घाई केली, तर कण अधाशासारखे वाढून छिद्रें पोटांतच गिळून बसतात. तीं मग निघतां निघत नाहींत.

खरी कसोटी निवण्याच्या वेळीं. मँगॅनीजचें फेराइट मोकळ्या हवेंत निवूं दिलें तर तें प्राणवायु शोषून घेतें, त्यांतून हेमॅटाइट वेगळें पडतें व माल बिघडतो. प्राणवायु फार तोडला, तर वीज सहज वाहूं लागते आणि जे भोंवरे टाळण्यासाठीं एवढा खटाटोप, तेच परत येतात. म्हणून नत्रवायूंत प्राणवायूचा अंश उष्णतेबरोबर पायरीपायरीनें उतरवावा लागतो. त्याचें गणित ब्लँक यांनीं १९६१ सालीं मांडून दिलें. पूड तीच, भट्टी तीच. निवविण्याची रीत बदलली कीं एक गाभा उत्तम आणि दुसरा टाकाऊ. पेटंटाच्या कागदावर दोघांची कृति एकच दिसेल!

कायम चुंबकाची गोष्ट याच्या उलट. फिलिप्सच्याच संशोधकांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केलेल्या बेरियम-फेराइटांत कण जितके बारीक, सुमारें एक मायक्रॉनचे, तितका चुंबक हट्टी. आंच चढविली तर तुकडा घट्ट होतो खरा, पण कण फुगतात व हट्ट सुटतो. निकल किंवा कोबाल्ट यांचा खर्च नसल्यामुळें हा स्वस्त चुंबक ध्वनिक्षेपकांतून घरोघर पोंचला.

मुंबईचाही या कथेशीं संबंध आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या टिफ्रॅक या गणकयंत्राची स्मृति फेराइटाच्या बारीक कड्यांची होती: २,०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० अंकांचा, आणि एका कड्यास एक अंक. प्रत्येक कडें भट्टींतून निघालेलें.

अलीकडे भाजण्याच्या नव्या रीती निघाल्या आहेत. ग्राफाइटाच्या सांच्यांत दाब आणि विद्युत्प्रवाह एकदम देऊन जें काम तासांचें तें मिनिटांत उरकतात, व कणांना वाढण्यास अवसर मिळत नाहीं. मात्र तेंच ग्राफाइट फेराइटांतला प्राणवायु ओढून घेतें. त्यामुळें असा झटपट भाजलेला तुकडा पुष्कळदां पुन्हां साध्या भट्टींत, मोकळ्या हवेंत, सावकाश तापवावा लागतो.