पाळी बदलताना झोप कशी सांभाळाल?

अमेरिकेतील नातेवाईक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. भारतातही दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945 या काळात, घड्याळे तासभर पुढे होती. आज आपल्याकडे ही पद्धत नाही. पण तुम्ही एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात फिरत्या पाळीत काम करत असाल, तर तुमच्या शरीराला याहून मोठा बदल वारंवार सोसावा लागतो.

शरीराचे घड्याळ म्हणजे काय?

मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात पेशींचा एक छोटा समूह असतो. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्र ओळखतो आणि झोप, शरीराचे तापमान, भूक व संप्रेरके यांच्या वेळा ठरवतो. अंधार पडल्यावर मेलाटोनिन वाढते आणि झोप येऊ लागते. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते, याच्या शोधासाठी 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हे घड्याळ साधारणपणे दिवसाला एखादा तासच सरकते. त्यामुळे आठवडाभराच्या रात्रपाळीत ते पूर्ण जुळत नाही, आणि जुळू लागते तोवर पाळी बदलते.

त्रास काय होतो?

दिवसाची झोप तुटक आणि कमी होते. आम्लपित्त, बद्धकोष्ठता, चिडचिड वाढते. अनेक वर्षे रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये मधुमेह व हृदयविकाराचा धोका अधिक आढळतो. सर्वांत तातडीचा धोका मात्र पाळी संपवून दुचाकीवरून घरी जाताना लागणाऱ्या डुलकीचा असतो.

काय करावे?

- पाळ्यांचा क्रम पहिली, दुसरी, मग रात्रपाळी असा पुढे सरकणारा असावा. उलट क्रम शरीराला जड जातो.
- पहिल्या रात्रपाळीपूर्वी दुपारी दीड-दोन तास झोपा.
- चहा-कॉफी पाळीच्या सुरुवातीला घ्या. झोपण्यापूर्वीचे सहा तास टाळा.
- मुख्य जेवण पाळीआधी करा. मध्यरात्री हलके खा.
- घरी आल्यावर जाड पडदे लावून, फोन बंद करून झोपा. ही झोप कामाइतकीच गरजेची आहे, हे घरच्यांनाही समजावून सांगा.
- डोळे मिटू लागले तर गाडी चालवू नका. निघण्याआधी वीस मिनिटे झोप काढा किंवा सहकाऱ्याबरोबर या.

मधुमेह असल्यास

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर पाळीनुसार वेळ वा मात्रा स्वतःहून बदलू नका. जेवणाची वेळ सरकली की रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. पाळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवा. अपस्माराचे किंवा रक्तदाबाचे औषध चालू असेल, तरीही हेच करा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

तीन महिन्यांहून अधिक काळ झोप बिघडलेली असेल, झोपेत मोठ्याने घोरणे व श्वास अडखळणे होत असेल, सतत उदास वाटत असेल किंवा काम करताना वा गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल, तर थांबू नका. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. छातीत दुखून घाम आला, तर ते जागरणाने झाले असे समजू नका. लगेच 108 वर फोन करा.