वारा पडल्यावर

कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडी आहे. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर याच खाडीकाठी मराठी आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली.

त्या काळी जहाजाचे इंजिन म्हणजे वारा, आणि वारा कधी पडेल याचा भरवसा नाही. म्हणून मराठ्यांच्या गलबतांना शिडांबरोबर वल्हीही असत. तळ उथळ, त्यामुळे ती कमी पाण्यातून, खडकांच्या जवळूनही निघत.

याची कसोटी 1679 मध्ये खांदेरीला लागली. इंग्रजांची जड जहाजे बेट अडवून उभी होती. वारा पडला की ती जागीच खिळत. दौलतखान यांची गलबते मात्र वल्ही मारत रात्री बेटावर रसद पोहोचवत. 18 ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचे 'डोव्हर' हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. खांदेरी शेवटी मराठ्यांकडेच राहिली.

दौलतखान मुसलमान होते. दर्यासारंग म्हणून ओळखले जाणारे आरमाराचे दुसरे अधिकारीही मुसलमान. महाराजांनी समुद्र जाणणाऱ्यांच्या हाती आरमार दिले. वर्गात आरमाराचा धडा शिकवताना ही दोन नावे मुलांच्या कानावर नीट पडली पाहिजेत.