‘कारण’ बदलतं तेव्हा

स्पॅनिश शिकायला घेतलं की पहिल्या काही दिवसांतच ‘पोर्के’ भेटतो. तोडून ‘पोर के’ लिहिलं की प्रश्न होतो: का? जोडून ‘पोर्के’ लिहिलं की उत्तर सुरू होतं: कारण... आपल्याला यात नवल वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या मराठीतही ‘कां’ला ‘जे’ जोडून ‘कां जे’, म्हणजे ‘कारण की’, होतं.

पण ‘पोर्के’ एकटा नाही. कारण आधी सांगायचं असेल तर ‘कोमो’ लागतो. ‘कोमो युएवे, नो साल्गो’, म्हणजे पाऊस पडतोय म्हणून मी बाहेर जात नाही. आपला ‘म्हणून’ कारणाच्या शेवटी बसतो, ‘कोमो’ सुरुवातीला. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

खरी गंमत जुन्या पुस्तकांत आहे. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘कारण’साठी एक छोटासा शब्द होता. उच्चार थेट आपल्या ‘का’सारखा! लॅटिन ‘क्विआ’पासून आलेला हा शब्द एल सिदच्या महाकाव्यात जागोजागी दिसतो. सोळाव्या शतकात तो मागे पडला. 1535च्या सुमारास नेपल्समध्ये राहणाऱ्या हुआन दे वाल्देस या लेखकाने भाषेविषयी एक संवाद लिहिला. त्यात तो हळहळतो, की काळाने या शब्दावर अन्याय केला. त्याचा जुनेपणा मला आवडतो. हा संवाद छापला गेला थेट 1737 साली. तोवर शब्द बोलण्यातून केव्हाच गेला होता.

मेलेला शब्द निदान फसवत तरी नाही. अडखळलो की आपण शब्दकोश उघडतो. फसवतो तो जिवंत राहून अर्थ बदललेला. ‘प्वेस्तो के’ घ्या. आज त्याचा अर्थ ‘ज्याअर्थी’, ‘कारण’. सेर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’मध्ये (1605) मात्र तो बहुतेक वेळा ‘जरी’ या अर्थाने येतो. ‘प्वेस्तो के तो गरीब होता, त्याने दान दिलं’ असं एखादं वाक्य कल्पून पाहा. तेव्हाचा वाचक समजेल, गरीब असूनही दिलं. आजचा वाचक समजेल, गरीब होता म्हणून दिलं. शब्द तेच, माणूस वेगळा.

असं उलटं कसं झालं? ‘प्वेस्तो’ म्हणजे ‘मांडलेलं’, ‘ठेवलेलं’. एखादी गोष्ट धरून चाललो की पुढे दोन वाटा फुटतात: धरलं, तरीही... किंवा धरलं, म्हणूनच... स्पॅनिश आधी पहिल्या वाटेने गेली, मग दुसरीवर स्थिरावली.

म्हणून जुनं स्पॅनिश वाचताना अनोळखी शब्दापाशी तर थांबाच, पण ओळखीच्या शब्दापाशीही थोडं थांबा. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने जे ‘असूनही’ केलं, ते आपण ‘म्हणून’ केलं असं समजलो, तर त्याचं धाडस आपल्या हातून नकळत पुसलं जातं.