सक्करदरा

नागपूर शहराच्या आग्नेय भागातील वस्ती व तलाव. जुन्या लेखनात ‘शक्करदरा’ असेही रूप आढळते. लोकसंख्या नागपूर शहर 12,19,461 (1981), 24,05,665 (2011). भोसल्यांच्या कारकिर्दीत महाराजबाग, तुळशीबाग, सोनेगाव, तेलंगखेडी यांच्याबरोबरच येथेही बाग होती. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी येथील वाडा भोसले घराण्याकडे राहिला.

सक्करदऱ्याची खरी ख्याती सूफी संत ताजुद्दीन बाबा (27 जानेवारी 1861–17 ऑगस्ट 1925) यांच्यामुळे आहे. बाबांचा जन्म कामठीचा. तरुणपणी ते पलटणीत भरती होऊन सागरला गेले. तेथे नोकरी सोडून फकिरीकडे वळले. 1892 मध्ये त्यांना वेडा ठरवून नागपूरच्या पागलखान्यात ठेवण्यात आले. लोक दर्शनाला तेथेही येत राहिले. अखेर 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी जामीन राहून त्यांना सोडवले आणि सक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. जामिनाची रक्कम चरित्रांत 2,000 रुपये दिली आहे. राज्य गेलेल्या एका हिंदू राजघराण्याने सरकारदरबारी वेडा ठरलेल्या मुसलमान फकिराला घरचा वडीलधारा मानून सांभाळले, ही विदर्भाच्या इतिहासातील मोठी गोष्ट होय. पुढे काही वर्षे बाबा कन्हान नदीकाठच्या वाकी येथे काशिनाथ पाटलांकडे होते. तेथून ते पुन्हा सक्करदऱ्यास आले. टांग्यातून ते फेरी मारीत तेव्हा भाविक मागे धावत. त्यांचे देहावसान याच वाड्यात झाले. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा यांचे अनुयायी त्यांना त्या काळातील पाच सद्गुरूंपैकी एक मानतात.

बाबांची मजार उमरेड मार्गावरील मोठ्या ताजबागेत आहे. उरूस तेथेच भरतो. सक्करदऱ्यातील निवासस्थान लालमहाल, तर हा परिसर छोटा ताजबाग म्हणून ओळखला जातो. भाविक पादत्राणे काढून, डोके झाकून मजारीपाशी जातात. फुले, अगरबत्ती व चादर वाहतात. पुष्कळ यात्रेकरू मजारीवरूनच परततात. तथापि बाबा जेथे राहिले ती जागा न पाहता ही यात्रा अपुरी राहते. दर्शनास सर्व धर्मांचे लोक येतात.

सक्करदऱ्याचा बुधवारचा बाजार जुना आहे. तलाव शहराच्या वाढीत घरांनी वेढला गेला. शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व कमला नेहरू महाविद्यालय येथे आहेत. रेशीमबाग जवळच आहे. सक्करदरा चौकावर उड्डाणपूल झाला आहे.