देवघरांतील टाक : त्यांची ओळख आणि त्यांचा अस्सलपणा



घराची वांटणी होते तेव्हां शेत, विहिरीच्या पाण्याची पाळी, बैल, भांडीं यांचे वांटे पडतात, आणि सर्वांत शेवटीं मंडळी देवघरापाशीं येऊन थांबतात. देव कोणाकडे जावयाचे? बहुधा ते वडील भावाकडे राहतात आणि बाकीचे भाऊ आपल्यासाठीं नवे घडवून घेतात. परंतु अलीकडे याच वेळीं दुसराहि एक प्रश्न निघूं लागला आहे. हे टाक किती जुने, आणि मूळचे कोठले? कधीं जुन्या वस्तूंचा व्यापारी दारांत येऊन किंमत बोलून गेलेला असतो. कधीं परप्रांतांत वाढलेल्या मुलाला आपलें मूळ गांव शोधावयाचें असतें. या प्रश्नाचें उत्तर कोणत्या पुराव्यानें द्यावें, हें आटपाडीकडचें उदाहरण घेऊन आज पाहावयाचें आहे.

टाक म्हणजे देवाची उठावदार आकृति असलेला धातूचा लहान पत्रा. ऐपतीप्रमाणें तो चांदीचा, क्वचित् सोन्याचा, नाहींतर तांब्यापितळेचा असतो. सोनार पातळ पत्रा ओतीव ठशावर ठेवून ठोकतो, म्हणजे ठशांतील आकृति पत्र्यावर उठते. पुष्कळ टाकांत पाठीची पोकळी लाखेनें भरून मागें तांब्याचा पत्रा बसविलेला आढळतो. कुलस्वामी, कुलस्वामिनी, गांवचें दैवत आणि घराण्यांतील एखादा वीर, असे हे टाक ओळीनें देवघरांत बसतात. त्यांवर बहुधा नांव नसतें आणि सालहि नसतें.

आटपाडी हें माणदेशांतील गांव. १९४८ पर्यंत तें औंध संस्थानांत होतें. पुढें १९४९ सालीं झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलें, आणि १९६० मध्यें त्याच जिल्ह्याला सांगली हें नांव मिळालें. माणगंगेच्या या मुलुखांत पाऊस थोडा. त्यामुळें आटपाडी, खानापूर, विटें या बाजूची हजारों माणसें गेल्या शतकांत पोटासाठीं बाहेर पडलीं, आणि त्यांनीं एक निराळाच धंदा हातीं घेतला. तो म्हणजे गलाई, सोनें-चांदी गाळून शुद्ध करण्याचें काम. दक्षिणेंत तमिळनाडू-केरळपर्यंत आणि उत्तरेंत दिल्ली-बंगालपर्यंत सराफ-पेठेच्या एखाद्या बोळांत भट्टी पेटलेली दिसली, तर तेथें माणदेशी मराठी कानीं पडण्याचा संभव मोठा. या लोकांनीं परगांवीं जातांना आपले टाक बरोबर नेले. ज्यांचा सारा धंदाच चांदी वितळविण्याचा, त्यांच्याच घरांत चांदीचे देव पिढ्यान् पिढ्या जपले गेले आहेत.

तथापि टाक जपला जातो तो एका विशिष्ट अर्थानें. रोज स्नान घालून, चिंचेनें वा राखेनें उजळून देवाचें नाकडोळे झिजतात. मुख दिसेनासें झालें, पत्रा फाटला, म्हणजे जुना टाक नदींत सोडावा, किंवा त्याच चांदींत भर घालून नवा करून घ्यावा, अशी चाल आहे. नव्या टाकाची प्रतिष्ठा झाली, कीं तोच पूर्वजांचा देव.

येथें एका दूरच्या देशाची तुलना उपयोगी पडेल. रशियांतील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत कोपऱ्यांत फळीवर रंगविलेली पवित्र प्रतिमा ठेवीत आणि ती वडिलांकडून मुलांकडे येई. तिच्यावरील तेलाचें रोगण काळानें काळें पडे. मग दुसरा चितारी वरून पुन्हां रंगवी. कित्येक प्रतिमांवर धातूचें आवरणहि चढे. परंतु खालचें मूळ चित्र तेथेंच राही. अंद्रेइ रुब्ल्योव याची पंधराव्या शतकांतील प्रसिद्ध 'त्रैक्य' प्रतिमा अशीच झांकली गेली होती. १९०४ सालीं तिच्यावरील आवरण काढून रंगाचे थर खरवडण्यास आरंभ झाला, तेव्हां खालचे तेजस्वी रंग जगाला दिसले. रशियन प्रतिमेचा परीक्षक म्हणून थर उलगडीत आंत जातो. आपल्या टाकाला असे थर नाहींत. तो मुशींत गेला, कीं जुन्याची खूण उरत नाहीं. म्हणून आपल्याला पुरावा अन्यत्र शोधावा लागतो.

प्रथम धातु पाहूं. गलाईचा जाणता मनुष्य कसोटीवर चांदीचा कस लावून सांगेल; पण कस म्हणजे वय नव्हे. जुने रुपये आटवून दागिने आणि देव घडवीत, आणि तीच चांदी पुन्हां पुन्हां वितळे. १९४० पूर्वींच्या इंग्रजी रुपयांत बारा भागांत अकरा भाग चांदी असे. पुढें ती निम्म्यावर आली. तेव्हां उत्तम कसाची चांदी जुन्या रुपयांतून आलेली असूं शकेल, पण टाक काल घडविलेला असेल. ठशाचेंहि असेंच आहे. सोनाराचे ठसे बापाकडून मुलाकडे जात. म्हणून आकृतीची धाटणी जुनी असली, तरी तेवढ्यावरून पत्रा जुना ठरत नाहीं.

झीज मात्र अधिक बोलकी असते. खऱ्या पूजेंतला टाक उंच भागीं झिजतो. देवाचें नाक, गुडघा, घोड्याची मान हीं गुळगुळीत होतात आणि खोलगट भागांत हळदीकुंकवाचा जुना थर घट्ट बसतो. बनावट टाकाला आम्लानें सर्वत्र सारखा काळेपणा आणलेला असतो, आणि झीज जेथें बोट लागत नाहीं तेथेंहि दिसते. जुन्या टाकावरून साचा घेऊन ओतलेली प्रतिकृति असली, तर ती जाड व जड असते, रेषा बोथट होतात, आणि धातु निवतांना आकसल्यामुळें ती मुळाहून किंचित् लहान भरते. यंत्रावर दाबून काढलेल्या टाकांत सर्व आकृति एकसारख्या येतात. अर्थात् यंत्राचा टाक बनावट नव्हे. तो जुना म्हणून विकला, तर ती लबाडी.

आतां आकृतीकडे वळूं. घोड्यावर देव, बरोबर म्हाळसा, हातीं खड्ग आणि जवळ कुत्रा असेल, तर तो खंडोबा. घोड्यावर एकटाच चतुर्भुज देव, हातीं त्रिशूळ, डमरू, खड्ग असेल, तर तो बहुधा जोतिबा. महिषाचा वध करणारी अष्टभुजा ही तुळजापूरची भवानी. शेजारीं जोगेश्वरी घेऊन सिद्धनाथ असेल, तर लक्ष खरसुंडी-म्हसवडकडे जावें, कारण नाथाचीं हीं ठाणीं माणदेशाचीं आहेत. बिरोबा असेल, तर आरेवाडीची वाट आठवावी. तरीहि येथें घाई नको. एकच खंडोबा जेजुरीचा, पालीचा किंवा मंगसुळीचा असूं शकतो. आणि तो मराठे, धनगर, ब्राह्मण, रामोशी अशा अनेकांचा कुलस्वामी आहे. एका टाकावरून घराण्याची जात वा गांव ठरविणें म्हणजे एका विटेवरून वाडा ओळखणें होय.

म्हणून सबंध ओळ पाहिली पाहिजे. कोणते देव एकत्र बसतात, मध्यभागीं कोण, कोणत्या क्षेत्रीं टाक भेटीस नेतात, नवरात्र केव्हां बसतें, चंपाषष्ठीला तळी भरतात कीं नाहीं, हें सर्व मिळून घराण्याची खूण होते. आणि ही खूण चांदी वितळली तरी वितळत नाहीं. तिला दुजोरा देणारे साक्षीहि आपल्याकडे आहेत. कर्नाटकाकडून बैलावर बसून येणारे हेळवी आपल्या वह्यांवरून कुळांची वंशावळ सांगतात. मूळ गांव आणि कुलदैवत त्यांत येतें. हेळव्याचें सांगणेंहि तपासूनच घ्यावें, परंतु त्याची वही, घरचा आचार आणि टाकांची ओळ या तिन्ही एकाच गांवाकडे बोट दाखवीत असतील, तर निर्णय बराच भक्कम होतो.

वीराच्या टाकाविषयीं थोडें निराळें सांगावयाचें आहे. हा देव नव्हे. लढाईंत पडलेला किंवा अकालीं गेलेला घरांतलाच कोणी पुरुष. त्याची आकृति ठराविक, घोडा आणि तलवार. जेजुरीचा खंडोबा कोणीहि ओळखील. पण हा वीर कोण, हें जगांत फक्त त्या घरांतल्या एखाद्या वृद्ध स्त्रीला ठाऊक असतें. ती गेली, कीं त्याचें नांव गेलें. मग परीक्षक कितीहि निष्णात असो, त्याला तें परत आणतां येणार नाहीं. व्यापाऱ्याच्या तराजूंत तर तो काहीं तोळे चांदी एवढाच भरेल.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाईच्या एका घरांतून मिळालेल्या कागदांच्या आधारें. कागद घराघरांत आहेत, हें त्यांनीं आपल्याला शिकविलें. टाक हाहि घरचा कागदच. मात्र त्यावरील अक्षरें दर पिढीला नव्यानें उमटविलेलीं आहेत. तेव्हां अस्सल कशाला म्हणावें? संग्रहालयाला जुना पत्रा अस्सल, आणि तें त्याच्या जागीं योग्य आहे. घराला मात्र मागच्या पिढीकडून खंड न पडतां आलेला देव अस्सल, मग चांदी कालची कां असेना. व्यापारी या दोन अर्थांची गल्लत करून एकाची किंमत दुसऱ्याला लावतो, आणि तेथेंच भोळा मनुष्य फसतो.

१९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील अशा पुराणवस्तु खासगी माणसाला देशाबाहेर पाठवितां येत नाहींत. पण कायदा नांवें राखीत नाहीं. तीं आपणच राखलीं पाहिजेत. येत्या दसऱ्याला देव उजळावयास काढाल, तेव्हां घासण्यापूर्वीं प्रत्येक टाकाचें दोन्ही बाजूंनीं छायाचित्र घ्यावें. घरांतील वडील माणसाला जवळ बसवून एकेकाचें नांव विचारावें, आणि टाक कोणी, केव्हां, कोणत्या सोनाराकडून घडविला, पूर्वींचा कोठें सोडला किंवा आटविला, हें वहींत लिहावें. वांटणी झाली, तर त्या वहीची एक प्रत प्रत्येक भावाच्या घरीं असावी. टाक एकाच घरीं राहील. त्याची हकीकत मात्र सर्वांच्या वांट्याला येऊं शकते.