लिनक्सवर साउंड कार्ड कार्यान्वित करणे

लिनक्सवर साउंड कार्ड कार्यान्वित करणे म्हणजे लिनक्स या युनिक्ससदृश संचालन प्रणालीला संगणकातील ध्वनियंत्रणेची ओळख करून देणे आणि त्या यंत्रणेद्वारे ध्वनी ऐकता व मुद्रित करता येईल अशी व्यवस्था करणे होय. सध्याच्या बहुतेक संगणकांवर हे काम प्रणालीच्या स्थापनेबरोबर आपोआप होते. तरीही प्रणाली नव्याने वापरणाऱ्यांना 'आवाज येत नाही' ही अडचण येते. ध्वनी अनेक थरांतून प्रवास करून स्पीकरपर्यंत पोहोचतो व त्यांपैकी एकही थर बंद असल्यास शांतता पसरते. त्यामुळे थरांची तपासणी खालून वर क्रमाने करणे हाच या अडचणीवरील भरवशाचा मार्ग मानला जातो.

साउंड कार्डचे कार्य

संगणकात ध्वनी अंकांच्या स्वरूपात साठवलेला असतो. साउंड कार्ड या अंकांचे विद्युत्‌लहरींत रूपांतर करते व मायक्रोफोनकडून आलेल्या लहरींचे अंकांत रूपांतर करते. मानवी कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. ध्वनी अचूक टिपण्यासाठी त्याच्या कमाल कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घ्यावे लागतात. म्हणून सीडीवरील ध्वनीत प्रतिसेकंद ४४,१०० नमुने असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा व वाहिन्या दोन असल्याने कार्डाला दर सेकंदाला १,७६,४०० बाइट पुरवावे लागतात. या पुरवठ्यात खंड पडल्यास आवाज तुटक येतो.

पूर्वी साउंड कार्ड स्वतंत्र विकत घेऊन बसवावे लागे. आता ही यंत्रणा बहुधा मदरबोर्डवरच असते. तरीही तिला 'साउंड कार्ड' असेच म्हणतात.

इतिहास

लिनसने १९९१ मध्ये लिनक्सचे कर्नल प्रसिद्ध केले. क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या सिंगापूरच्या कंपनीचे 'साउंड ब्लास्टर' हे कार्ड त्या काळी लोकप्रिय होते. हन्नू सावोलाइनेन यांनी १९९२ मध्ये त्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला. त्यातूनच 'ओपन साउंड सिस्टिम' अर्थात ओएसएस विकसित झाली.

त्या काळातील कार्डांचा पत्ता, व्यत्यय क्रमांक व डीएमए वाहिनी वापरकर्त्याला स्वतः सांगावी लागे. एखादा आकडा चुकला किंवा दुसऱ्या उपकरणाशी जुळला, तर कार्ड मूक राही. हे आकडे शोधण्यासाठी रेड हॅट लिनक्समध्ये 'एसएनडीकॉन्फिग' नावाचे साधन दिलेले असे.

यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये 'ॲडव्हान्स्ड लिनक्स साउंड आर्किटेक्चर' अर्थात अल्सा या प्रकल्पाचा आरंभ केला. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६ आवृत्तीत ओएसएसच्या जागी अल्सा ही मुख्य ध्वनिव्यवस्था झाली.

ध्वनियंत्रणेचे थर

सर्वांत खाली प्रत्यक्ष कार्ड असते. त्यावर कर्नलमधील ड्रायव्हर असतो. विंडोजच्या सवयीमुळे नवशिके कार्डाबरोबर आलेली सीडी शोधतात. परंतु तिच्यावरील विंडोजचे ड्रायव्हर लिनक्सवर चालत नाहीत. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच मॉड्यूलच्या रूपाने येतात आणि कार्ड ओळखले जाताच आपोआप भरले जातात.

ड्रायव्हरच्या वर ध्वनिसर्व्हर असतो. अनेक कार्यक्रमांचे आवाज एकत्र मिसळून ते कार्डाकडे पाठवणे हे त्याचे काम होय. लेनार्ट पोएटरिंग यांनी लिहिलेला पल्सऑडिओ हा सर्व्हर २००७ मध्ये फेडोरा ८ या वितरणात प्रथमच मूलभूत म्हणून आला. विम टायमन्स यांच्या पाइपवायरने २०२१ मध्ये फेडोरा ३४ मध्ये त्याची जागा घेतली. सर्वांत वरच्या थरात ब्राउझर, चित्रफीतवादक यांसारखे कार्यक्रम असतात. त्यांची आवाजपातळीही स्वतंत्र असते.

तपासणीचा क्रम

१. जोडणी : स्पीकरचा वीजपुरवठा, त्याची कळ व प्लगची जागा पाहावी. टेबलावरील संगणकात स्पीकरचे छिद्र बहुधा हिरव्या व मायक्रोफोनचे गुलाबी रंगाचे असते.

२. कार्डाची ओळख : 'एलएसपीसीआय' या आज्ञेने संगणकातील अंतर्गत उपकरणांची यादी मिळते. तीत 'ऑडिओ' शब्द असलेली ओळ दिसल्यास यंत्रणेला कार्ड दिसत आहे असे समजावे. यूएसबी कार्डासाठी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा वापरतात.

३. ड्रायव्हर : 'एप्ले' या आज्ञेला छोट्या लिपीतील 'एल' हा पर्याय जोडल्यास अल्साला उपलब्ध असलेल्या कार्डांची यादी येते. कार्डांची मोजणी शून्यापासून होते. मागील पायरीत कार्ड दिसले, परंतु येथे दिसले नाही, तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये असण्याचा संभव अधिक.

४. मूक वाहिन्या : टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' सुरू केल्यावर उभे पट्टे दिसतात. पट्ट्याखाली 'एमएम' असल्यास ती वाहिनी मूक असते व 'ओओ' असल्यास खुली असते. 'एम' कळीने ही स्थिती बदलते, बाणांच्या कळांनी पातळी वाढवता येते व 'एफ६' कळीने दुसरे कार्ड निवडता येते. 'मास्टर' व 'पीसीएम' या दोन्ही वाहिन्या पाहाव्यात.

५. चाचणी : 'स्पीकर-टेस्ट' ही आज्ञा खरखरीसारखा चाचणीध्वनी वाजवते. 'कंट्रोल' व 'सी' या कळा एकत्र दाबून ती थांबवतात. हा ध्वनी ऐकू येत असेल व गाणे ऐकू येत नसेल, तर दोष बहुधा त्या कार्यक्रमाच्या मांडणीत असतो.

नेहमीच्या अडचणी

एचडीएमआय तारेने पडदा जोडल्यास त्या तारेतील ध्वनिमार्ग हेही एक कार्ड म्हणून गणले जाते. प्रणालीने तेच निवडले, तर ज्या पडद्याला स्पीकर नाही त्याच्याकडे आवाज जातो. ध्वनीच्या मांडणीत योग्य 'आउटपुट' निवडल्यास ही अडचण दूर होते. त्या जागी 'डमी आउटपुट' असे दिसल्यास सर्व्हरला एकही कार्ड मिळालेले नाही असा त्याचा अर्थ होतो. काही नव्या लॅपटॉपांना 'साउंड ओपन फर्मवेअर' हे पॅकेज लागते. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन सुरू होताच संगीताचा दर्जा घसरतो. संभाषणासाठी वेगळी, कमी क्षमतेची पद्धत वापरली जाते, हे त्याचे कारण होय.

दृष्टिहीन वापरकर्ते

डोळस व्यक्तीसाठी आवाज नसणे ही गैरसोय असते. दृष्टिहीन व्यक्तीसाठी मात्र ते पडदा काळा पडण्यासारखे आहे. लिनक्सवरील 'ऑर्का' हा वाचक पडद्यावरील मजकूर बोलून दाखवतो व 'ईस्पीक' हा वाणीसंश्लेषक मराठी मजकूरही उच्चारतो. साउंड कार्ड मूक असल्यास ते दुरुस्त करण्याच्या सूचनाही अशा व्यक्तीला ऐकू येत नाहीत. म्हणून दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या संगणकावर प्रणाली बसवताना प्रथम ध्वनीची चाचणी घेणे आवश्यक ठरते. अंतर्गत कार्ड चालत नसल्यास साधे यूएसबी कार्ड उपयोगी पडते. अशी बहुतेक कार्डे कर्नलमधील सामाईक ड्रायव्हरवर लगेच चालतात.

सातारा व सांगली परिसर

महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणे सातारा व सांगली जिल्ह्यांतही अनेकांची संगणकाशी पहिली ओळख एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून झाली. हा अभ्यासक्रम मुख्यत्वे विंडोजवर आधारित असल्याने लिनक्सची थरांची रचना अशा विद्यार्थ्यांना अपरिचित वाटते. सांगलीच्या १९४७ मध्ये स्थापन झालेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात 'वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप' हा विद्यार्थ्यांचा गट मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसाराचे काम करतो.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंतुवाद्यनिर्मितीचे प्रसिद्ध केंद्र असून तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा वाद्यांचे ध्वनिमुद्रण लिनक्सवर करायचे असल्यास 'ऑडॅसिटी' व 'आर्डर' हे कार्यक्रम उपलब्ध आहेत. वादकाला आपलाच स्वर हेडफोनमधून उशिरा ऐकू आल्यास लय बिघडते. हा विलंब कमी राखण्यासाठी 'जॅक' हा ध्वनिसर्व्हर निर्माण झाला. त्याचे कार्य आता पाइपवायरही करू शकतो.

हेही पहा

लिनक्स
मुक्त सॉफ्टवेअर
साउंड कार्ड
वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगली
मिरज